शंभरपैकी शंभर

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

"जे हातानं केलं नाहीस, ते कागदावर लिहायचं नाही." आठवतं का तुला? वॉर्डात माझा पहिला दिवस होता आणि मी थर्मामीटर न लावताच एका आजोबांचा ताप लिहून मोकळी झाले होते. घरी आपण दोघी एका चादरीत झोपायचो, पण तिथे तू इनचार्ज होतीस आणि मी शिकाऊ. तू मला 'सिस्टर' म्हणून हाक मारलीस, तो आकडा माझ्याच हातानं खोडायला लावलास आणि मग हे वाक्य बोललीस. आजोबांचा ताप एकशे तीन निघाला. मी आठवडाभर तुझ्याशी अबोला धरला होता.

आज कपड्यांच्या खोलीत ते वाक्य आठवलं. आता आम्हा नर्सना नोंदणी चालू ठेवायची तर वर्षाला तीस तास इंटरनेटवर शिकावं लागतं. चांगलीच गोष्ट आहे. पण शिकतं कोण? धुतलेल्या चादरींच्या फळीवर आठ फोन ओळीनं टेकवून ठेवलेले. आठांवर एकच बाई हात धुण्याबद्दल बोलत होती, आठ तोंडं मागेपुढे हलत होती. समोर स्टुलावर एक सिस्टर. दर दहा मिनिटांनी पडद्यावर प्रश्न येतो की तुम्ही अजून पाहता आहात ना. मग ती ओळीनं आठ टिचक्या मारते. याला 'फोनची पाळी' म्हणतात, ड्यूटीच्या तक्त्यात पेन्सिलीनं लिहिलेली असते. आजची पाळीवाली नुकतंच एकाचं भांडं रिकामं करून आली होती. हातमोजे तसेच. हात धुण्याच्या धड्याला तिनं त्याच हातानं टिचकी मारली, आठ वेळा. मला तिथे उभंही राहवेना.

परीक्षेची उत्तरं फोनवरच फिरतात. सातव्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचं चुकतं, आणि सगळ्यांचं तेच चुकतं. मेट्रनबाईंना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या की वरून त्यांना फक्त आकडा मागतात, आणि आकडा आपल्या वॉर्डचा सर्वांत कमी आहे, तोही माझ्यामुळे. मी त्या ओळीत फोन ठेवणार नाही. पण घरी येऊन बसते तर पाचव्या मिनिटाला मान पडते, आणि तो धडा असा खवीस आहे की मध्येच थांबलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मार्चअखेर मुदत आहे. माझे सव्वादोन तास झालेत.

एक बरी बातमी. नवी आलेली मुलगी हुशार आहे. दचकते फार, म्हणून आम्ही तिला ससुली म्हणतो, पण हात हलका आहे. तू मला दिलेला स्टेथोस्कोप मी तिला दिला. रागावू नकोस.

गुडघ्यांना शेक देत जा. लोभ आहेच, तो ओरडत का होईना, पण चालू ठेव.

तुझी,
बेबी


दि. १५ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारची बाई खिडकीत आली म्हणे. म्हणे, कारण मला काही ऐकू आलं नाही. माझे कान आता पार संपावर गेलेत. दार वाजलं तर मला भिंतीला हात लावून कळतं. फोन म्हणजे माझ्यासाठी पेपरवेट. तेव्हा तू पत्र लिहितेस हे बरं करतेस.

आता नीट ऐक, म्हणजे वाच. लेक परदेशी जाताना त्याचा कॉम्प्युटर माझ्या टेबलावर ठेवून गेलाय. टायपिंगला बोटं वळत नाहीत, पण टिचकी मारता येते. तुझी ती बोलणारी बाई बोलत असताना खाली अक्षरं येतात का? येत असतील तर जगात माझ्याशी बोलणारी ती एकटीच असेल जिचं मला सगळं कळेल. तू मला तुझा पासवर्ड पाठव. तुझे तास मी भरते.

नाक मुरडू नकोस. मला दिसतंय. ही कपड्यांची खोली नव्हे. मी एकेक मिनिट बघणार आहे, वहीत टिपून घेणार आहे, परीक्षा स्वतःच्या डोक्यानं देणार आहे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, दिवसभर भिंतीवरची पाल मोजते, तीही एकच आहे. मला काम दे.

फुकट नाही हं. अट आहे. प्रत्येक धड्याचं टिपण मी तुला पाठवीन आणि ते तू वाचायचंस. वाचशील ना? मग शिकलं कुणी आणि सही कुणाची, हा हिशेब घरातल्या घरात मिटतो.

स्टेथोस्कोप दिलास ते उत्तम केलंस. माझ्या कानांना आता तो दागिना शोभत नाही.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद नेहमीचेच, तुझ्या अबोल्यासकट.

ताई


दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस मी ठरवत होते की नाही म्हणायचं. मग आज मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन विचारलं की इनचार्जनंच शिकायचं टाळलं तर बाकीच्यांनी काय धडा घ्यावा. ज्या बाईनं स्वतःचा फोन कपड्यांच्या खोलीत पाठवला होता, तिनं हे विचारलं. त्या फोनला गुलाबी पाकीट आहे, मी ओळखते.

संतापानं घरी आले आणि हे लिहिते आहे. पासवर्ड म्हणजे तुझीच जन्मतारीख, पुढे माझी. खाली अक्षरं येतात. टिपणं वाचीन, शपथ घेते. पण ताई, हे पत्र वाचलंस की फाडून टाक. मला स्वतःचं अक्षर बघवत नाहीये.

राग गेला की पुन्हा लिहीन. तोवर माया राखून ठेव.

बेबी


दि. १४ मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

अकरा धडे झाले. मी काय सांगू तुला! पन्नाशीच्या सिस्टरच्या नावानं चौसष्ट वर्षांची म्हातारी पहिल्या बाकावर बसलीये. काही धडे टुकार आहेत, मध्येच पावडरीच्या दुधाची जाहिरात येते, आणि एक डॉक्टर असा बोलतो की जणू आपण बिछाने झटकण्यापलीकडे काही केलंच नाही आयुष्यात. त्याच्यावर मी खडू फेकला असता. पण काही धडे सोन्यासारखे आहेत. जखम धुण्याचं आपण जे शिकलो होतो त्यातलं निम्मं बदललंय. लाज वाटली आणि गंमतही.

सोबतची टिपणं वाच. त्यातला नाकातल्या नळीचा कागद मी वेगळा घडी करून ठेवलाय, तो आधी वाच. नळी पोटात गेली की नाही हे बघायला आपण पिचकारीनं हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावतो ना, खळ्‌ आवाज आला की झालं. ते आता ग्राह्य धरत नाहीत. नळी फुप्फुसात गेली तरी तसाच आवाज येतो म्हणे. नळीतून थोडं पाणी ओढून घ्यायचं आणि आंबटपणाच्या पट्टीवर तपासायचं. पट्टीत शंका आली तर एक्सरे. मी तो भाग चार वेळा पाहिला. विश्वासच बसेना. चाळीस वर्षं आपण… असो. सविस्तर कागदावर आहे.

वही आता निम्मी भरली. तारीख, वेळ, प्रश्न, उत्तरं, सगळं जुन्या सवयीनं लिहिते. प्रत्येक परीक्षेत शंभरपैकी शंभर. तुला शाळेत कधी पडले होते का गं?

तुझ्या टाचांच्या भेगा बऱ्या झाल्या का? आशीर्वाद टपालात जड होतात, म्हणून थोडेच पाठवते.

ताई


दि. २९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीस तास पुरे झाले! मेट्रनबाईंनी माझी प्रमाणपत्रं छापून बाहेरच्या फलकावर लावली. कडेला फुलांची नक्षी, मध्ये माझं नाव, सगळीकडे शंभर. येणारेजाणारे बघतात. मी त्या बोळातून जाणं सोडलंय, औषधांच्या खोलीला वळसा घालून जाते. स्वतःचं नाव इतकं किळसवाणं दिसू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

तुझी जाडजूड पाकिटं मिळाली. कपाटात वरच्या फळीवर नीट लावून ठेवली आहेत. या महिन्यात दोघी रजेवर, सुट्टी अशी मिळालीच नाही. निवांत झाले की एका बैठकीत वाचीन.

ससुली आता नळी टाकायलाही शिकली. तुझाच हात तिच्यात उतरलाय, अगदी मान तिरकी करण्यासकट. कोपऱ्यातल्या खाटेवर एक शिंपीकाका आलेत. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, गिळता येत नाही, बोलता येत नाही. पण डाव्या हाताची बोटं दिवसभर चादरीची शिवण चाचपतात आणि टाका उसवलेला सापडला की आमच्याकडे असं बघतात की आम्हीच उसवला. त्यांची बायको रोज इस्त्रीचा सदरा घेऊन येते. काकांचं ससुलीशी चांगलं जमतं. तिनं त्यांना सुई-दोरा दिला होता, मी रागावले.

कळावे. तुझ्या लोभावर माझे तीस तास उभे आहेत, तो हलू देऊ नकोस.

बेबी


दि. ६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही. शेवटचे दोन आठवडे लिहिता येत नव्हतं.

गेल्या महिन्यात बावीस तारखेला सकाळी शिंपीकाकांची नळी बदलली. ससुलीनं टाकली. पिचकारीनं हवा सोडली, पोटावर स्टेथोस्कोप लावला. मग तिनं मला बोलावलं, आवाज जरा दुरून येतोय असं तिला वाटत होतं. मी गेले. तोच स्टेथोस्कोप कानाला लावला. खळ्‌ आवाज आला. मी म्हणाले की ठीक आहे, सुरू कर. तिनं कागदावर सही केली. मी पुढच्या खाटेकडे गेले.

नळी फुप्फुसात होती. नळीतून दिलेल्या पेजेच्या पहिल्या वाटीतच त्यांना ठसका लागला आणि ओठ निळे झाले. ती डावी बोटं चादर अशी ओढत होती, ताई, की शिवण खरंच उसवली. नऊ दिवस मशीनवर होते. आता मशीन काढलंय, जीव आहे, पण बोटं चादरीवर नुसती पडून असतात. बायको अजून सदरा आणते.

परवा चौकशी झाली. तीन जण, मधे टेबल, बिस्किटं. मेट्रनबाईंनी फाईल उघडली. वॉर्डातल्या प्रत्येकीनं नळीचा नवा धडा पूर्ण केलाय, इनचार्जला तर शंभरपैकी शंभर, म्हणजे रुग्णालयानं शिकवायचं ते शिकवलं, या एकीनंच ते धाब्यावर बसवलं, असं त्या म्हणाल्या. ससुलीचाही फोन त्या ओळीत असायचा, सगळ्यांचा असतो. तिला विचारलं की ही जुनी पद्धत तुला कुणी दाखवली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की तिची चूक झाली. एवढंच. मग मला एकच विचारलं, की हा धडा तुम्ही स्वतः केला आहे ना.

मी हो म्हणाले.

त्या 'हो'ची चव अजून तोंडात आहे. दात घासले, मीठपाण्यानं चूळ भरली, जात नाही. घरी येऊन वरच्या फळीवरची पाकिटं काढली. तो वेगळा घडी केलेला कागद मिळाला. तू दोन रेघा मारून लिहिलं होतंस, 'हे आधी वाच.' घडी उघडलेली नव्हती.

ससुलीची नोंदणी रद्द करायला कळवणार आहेत. सव्वीस तारखेला शेवटची बैठक. तिला नोकरीला पुरते आठ महिनेही झालेले नाहीत.

आशीर्वाद मागायला आज तोंड नाही.

बेबी


दि. १३ मे

चि. बेबीस,
आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. मग उठून हात धुतले, का ते माहीत नाही.

आधी कामाचं. तू गप्प बसायचंस. तुझी आठ वर्षं राहिलीत, नवऱ्याचं दुखणं तुझ्या पगारावर चाललंय. तू तोंड उघडलंस तर त्या मुलीचं जाईल ते जाईलच, वर तुझंही जाईल. ती तरणी आहे, कुठेतरी दुसरं काम शिकेल. हे लिहिताना मला शिसारी येते आहे, तरी लिहिते, कारण मी तुझी ताई आहे, तिची नव्हे. वही मी ट्रंकेच्या तळाशी टाकली आहे. फाडून टाकणार आहे. तूही तो कागद फाड.

आता दुसरं. तुझ्या मार्चच्या पत्रात होतं की माझाच हात तिच्यात उतरलाय, मान तिरकी करण्यासकट. ते वाचून मी दिवसभर सुखावले होते. मनात एकदा येऊन गेलं की मान तिरकी म्हणजे कान लावण्यासाठीच की, म्हणजे तुम्ही अजून हवेचा आवाजच ऐकता. पण सुख सोडवेना. एक ओळ लिहिली असती तर… मी नाही लिहिली.

आणि मान तिरकी का असायची तेही ऐक. नोकरीची शेवटची दीड-दोन वर्षं मला त्या स्टेथोस्कोपातून काही ऐकू येत नव्हतं. मी हवा सोडायचे, मान तिरकी करायचे, समोरचीच्या तोंडाकडे बघून अंदाज घ्यायचे आणि 'नळी तपासली' असं लिहून सही करायचे. कुणाला काही झालं नाही. की झालं आणि मला कळलं नाही, देव जाणे. ते वाक्य मी तुला तिशीतली असताना ऐकवलं होतं, बेबी. साठीला आल्यावर मला ते ऐकू येत नव्हतं.

म्हणून तर तुझे धडे इतक्या हौसेनं केले. वाटलं, आता तरी नीट शिकून घ्यावं. कुणाच्या का नावानं असेना.

हे कुणाला सांगू नकोस. सत्कारात दिलेली ती शाल अजून खुर्चीवर आहे. आज उचलून आत ठेवली.

माझ्यासाठी तरी गप्प राहा. लोभ राहील न राहील, माझी मेलीची पत तेवढी राहू दे.

ताई


दि. १९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशीच मी मेट्रनबाईंकडे जाऊन सगळं सांगून आले होते. धडा मी केला नाही, मुलीला जुनी पद्धत मी शिकवली, त्या दिवशी आवाज मीही ऐकला आणि सुरू कर म्हणाले. त्यांनी उठून दार लावलं. मग अगदी प्रेमानं म्हणाल्या की कॉम्प्युटर सांगतो तुम्ही बावन्न मिनिटं बसलात, एकही उत्तर चुकलं नाही, कपड्यांच्या खोलीतली असती तर सातवं चुकलं असतं. पोरीला वाचवायला खोटं बोलता आहात, असंच सगळे म्हणतील. चार दिवस रजा घ्या. त्यांच्या टेबलावर गुलाबी पाकिटातला फोन उलटा ठेवलेला होता. त्यातून ती बाई बोलत होती, बारीक आवाजात. ताई, इतकी किळस मला कुठल्याही जखमेची आली नाही. आणि ती सगळी त्यांची नव्हती. माझं शंभरपैकी शंभर बाहेर फलकावर अजून तसंच आहे.

तुझ्या कानांचं वाचलं. रडले नाही. मला वाटतं मला ते माहीत होतं. शेवटच्या वर्षी तू माझ्या तोंडाकडे बघायचीस, आणि मी मान हलवायचे. आपण दोघींनी मिळूनच ते चालवलं. तू एकटीनं स्वतःला खाऊ नकोस.

काल ससुली घरी आली होती. तुझा स्टेथोस्कोप परत करायला. स्पिरिटनं पुसून, रुमालात गुंडाळून. म्हणाली की मोठ्या सिस्टरांची वस्तू आहे, तिच्याकडे राहायला नको. मी तिला विचारलं, चौकशीत माझं नाव का घेतलं नाहीस. ती म्हणाली की तुम्ही स्वतःच सांगाल असं वाटलं होतं. टोमणा नव्हता गं. तिला खरंच तसं वाटलं होतं.

माझं म्हणणं खरं ठरवणारी एकच वस्तू आहे आणि ती तुझ्या ट्रंकेत आहे. तुझं अक्षर, नळीच्या धड्याची ती तारीख, ती वेळ. त्या वेळी मी वॉर्डात औषधं वाटत होते, रजिस्टरमध्ये माझी सही आहे, ती मात्र खरी आहे. दोन्ही शेजारी ठेवले की मेट्रनबाईंनाही दार लावता येणार नाही. माझं काय होईल ते मला माहीत आहे. यांच्याशी बोलले. ते म्हणाले की घर चालेल तसं चालवू. तुझं काय होईल हेही माहीत आहे, आणि त्यासाठी मी तुझी क्षमा मागते. कानांबद्दल एक अक्षर कुणाला सांगणार नाही, ते तुझं आहे.

सव्वीसच्या आत वही पाठव. तू नाही म्हणशील. तू नाहीच म्हणणार, मी तुला पन्नास वर्षं ओळखते. तरी मागते.

रागावलीस तरी माया तोडू नकोस, एवढं एक धाकटी म्हणून.

तुझी,
बेबी

ता. क. वही फाडली असलीस तर आठवून पुन्हा लिही, आजची तारीख घालून. आणि खाली सही कर. नुसतं 'ताई' नको, पूर्ण नाव.